पाळी लांबलीय की गेलीय? दिवस राहण्याची शक्यता नेमकी कधी संपते?

आशाताई_चोपडा
४४ ते ५० वयाच्या बायकांकडून हा प्रश्न सारखा येतो. पाळी तीन-चार महिने येत नाही, मग एकदा भरपूर जाते, परत गायब. "आता गेली पाळी, आता कशाला काय वापरायचं," असं ठरवून मोकळ्या होतात. यातल्या काहींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही, नवऱ्याचंही नाही. गर्भनिरोधक साधन कधी बंद करा म्हणून सांगू? दिवस राहिलेत का ते पाहायच्या किटवर किती विश्वास ठेवू? आणि रक्त तपासून पाळी गेली की नाही ते कळतं का? गावात समजावता येईल असं नेमकं सांगा.

स्त्रीरोग_जळगाव
ताई, पाळी गेली असं सलग १२ महिने एकही पाळी आली नाही तरच म्हणायचं. तोवर ती फक्त लांबलेली आहे. या काळात बीजकोष एकदम थांबत नाही. तीन महिने गप्प राहून चौथ्या महिन्यात बीज सोडू शकतो. बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते, म्हणून पाळी परत आल्यावर साधन वापरू म्हणणारी बाई नेमकी उशिरा जागी होते.

साधन बंद करायचा हिशेब असा: शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यापुढे १ वर्ष. पन्नाशीच्या आत आली असेल तर २ वर्षं, कारण वय कमी असेल तर बीजकोष पुन्हा चालू होण्याचा संभव जास्त. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ ला जाते, म्हणजे तुमच्या बहुतेक बायकांना दोन वर्षांचाच नियम लागू. ५५ नंतर साधन थांबवायला हरकत नाही.

तारीख कुणालाच आठवत नाही, तेव्हा सणावरून विचारा. शेवटची पाळी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आली, मग दिवाळीनंतर पुन्हा आली, तर मोजणी दिवाळीपासून नव्याने. दोनच दिवस गेली तरी. हे त्यांना पटत नाही, पण इथेच चूक होते.

रक्ताच्या तपासणीचं म्हणाल तर या वयात एफएसएच (बीजकोषाला चालना देणारं हार्मोन) एका महिन्यात वर, दुसऱ्या महिन्यात खाली असतं. एकदा जास्त आलं म्हणून साधन सोडू देऊ नका. साध्या बाईला ही तपासणी लागतच नाही, पैसे वाया जातात.

औषधनिर्माता_धुळे
मोजणी बिघडवणाऱ्या गोळ्यांचं मी सांगतो. कानबाईचे रोट, घरचं लग्न, चैत्रात सप्तशृंगीची पायी वारी, यासाठी पाळी पुढे ढकलायच्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या सर्रास नेल्या जातात. त्या थांबवल्यावर जे रक्त जातं ते गोळी सुटल्यामुळे जातं, त्यावरून पाळी चालू आहे की गेली हे ठरत नाही. माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळीचंही तसंच. पाकीट चालू असेपर्यंत दर महिन्याला रक्त जाणारच, मग ५१ वर्षांची बाईही म्हणते माझी पाळी चालू आहे. छाया या गर्भनिरोधक गोळीने पाळी लांबते आणि कमी होते, अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने बऱ्याचदा बंदच होते. यांपैकी काहीही चालू असेल तर पाळीवरून हिशेब लावू नये.

माला-एन ३५ च्या वरच्या बिडी ओढणाऱ्या बाईला नको. बीपी असलेलीलाही नको. छाया आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. ही दुसरी पायरी बायका विसरतात आणि दोनदाच घेत राहतात किंवा सोडून देतात.

"पाळी आणायच्या गोळ्या द्या" म्हणून आलेल्या बाईला किट केल्याशिवाय काहीही द्यायचं नाही. गर्भपाताच्या गोळ्या तर चिठ्ठीशिवाय नाहीच. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो निघत नाही, नळी फुटते आणि जीवावर बेततं.

सिस्टर_पाचोरा
किटबद्दल. निश्चय किट चांगलं आहे, पण ते ३० अंशांच्या वर ठेवायचं नसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ ला जातो, पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेल्या किटचा भरवसा धरू नका. लघवी सकाळची पहिली, थेंब पाकिटावर लिहिलेत तितकेच, आणि निकाल पाच मिनिटांत वाचायचा. तासाभराने उमटलेली फिकी रेघ धरायची नाही. शेवटच्या असुरक्षित संबंधाला २१ दिवस झाल्यावर केलेलं किट नकारार्थी आलं तर ते मानायचं. आधी केलं असेल तर आठवड्याने पुन्हा.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनाही विचारा. ते फसणं दुर्मिळ, पण फसलं तर गर्भ नळीत असण्याची भीती जास्त. किट होकारार्थी, एका बाजूला पोटात दुखतंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय: थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, उद्यावर टाकायचं नाही. नवऱ्याच्या नसबंदीनंतर तीन महिने आणि वीर्य तपासून शुक्राणू नाहीत असं कळेपर्यंत साधन लागतंच.

घाम येणं, अंग तापणं हे उन्हाळ्यात कुणालाही होतं. त्यावरून पाळी गेली असं ठरवू नका. मळमळ, छाती जड होणं, थकवा ही लक्षणं दिवस राहिले तरी आणि पाळी जाताना तरी सारखीच. म्हणून आधी किट, मग अंदाज.

आशाताई_चोपडा
खूप उपयोग झाला. आणखी दोन गोष्टी. दिवस राहिलेच आणि नको असतील तर? आणि एक मूल गमावलेली ४८ वर्षांची बाई विचारते, पाळी गेल्यावर मूल होऊ शकतं का?

स्त्रीरोग_जळगाव
नको असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात कायदेशीर आहे. २० ते २४ आठवडे फक्त कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांसाठी, तेही दोन डॉक्टरांच्या मताने. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. हे तिला आधीच सांगा, सहीच्या भीतीने आठवडे निघून जातात. गोळ्यांनी साधारण ९ आठवड्यांपर्यंत, तेही सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे हे पाहून. या वयात "पाळी गेली" समजून बायका चौथ्या-पाचव्या महिन्यात येतात, तेव्हा सोपे पर्याय संपलेले असतात.

हवं असेल तर तिला खरं सांगा. ४५ च्या पुढे नैसर्गिक गर्भ राहणं फार कमी, आणि राहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गर्भ पडतात. डाउन सिंड्रोमची शक्यता ४० ला साधारण शंभरात एक, ४५ ला तिसात एक. पाळी पूर्ण गेल्यावर स्वतःचं बीज राहत नाही. गर्भपिशवी मात्र हार्मोन देऊन तयार करता येते, म्हणून दुसऱ्या बाईच्या बीजावर टेस्टट्यूब पद्धतीने गर्भ राहू शकतो. २०२१ च्या कायद्याने त्यासाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. बीज देणारी २३ ते ३५ वर्षांची. तुमच्या बाईकडे वेळ कमी आहे. आधी बीपी, साखर, हृदय, थायरॉइड आणि गर्भपिशवीची सोनोग्राफी होऊ द्या, मग फक्त नोंदणीकृत केंद्रात पाठवा, आणि एकच गर्भ ठेवायला सांगा. जुळ्यांचा भार या वयात धोक्याचा.

आणि ताई, १२ महिने पाळी बंद राहून नंतर एक थेंब जरी गेला तरी बाई पाळी परत आली म्हणून खुश होते. तिला त्याच आठवड्यात पाठवा. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड दिसलं तर तुकडा तपासावा लागतो. कारण बऱ्याचदा साधं निघतं, पण पिशवीचा कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो.

सिस्टर_पाचोरा
तांबी (कॉपर-टी) अजून आत असलेल्यांचीही यादी काढा. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली की ती काढून टाकायची असते, आत विसरायची नाही. आणि पाळी जाताना डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या साधन म्हणून चालत नाहीत, वेगळं काहीतरी वापरावंच लागतं.