मदत हवी आहे : जनरेटरवर घरगुती दिव्यांचा फ्लिकर

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात दैनंदिन मालिकेचं चित्रीकरण आहे. कॅमेरे दोन, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. मोठे शूटिंगचे लाइट ठीक आहेत. त्रास देतात ते देवघर आणि माजघरातले साधे एलईडी बल्ब (९ वॅटचे, पंधराएक). चित्रात भिंतींवर उजेड कमीजास्त होण्याची मंद लहर (फ्लिकर) दिसते.

कारण कळतंय. भाड्याच्या जनरेटरला मेकॅनिकल गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) आहे, लोड बदलला की फ्रिक्वेन्सी हलते. ४९ हर्ट्झ झाली की बल्ब सेकंदाला त्याच्या दुप्पट, ९८ वेळा लुकलुकतो, आणि २५ च्या पटीतल्या १०० पासून २ ने हुकल्यामुळे २५ फ्रेममध्ये त्याची २ हर्ट्झची लहर उमटते. शटर हलवून एका टेकपुरतं जमतं, मग कुणीतरी इस्त्री लावतं आणि पुन्हा तेच.

वाड्याच्या मीटरवरून घेतलं तर लहर जाते, पण वीज गेली की सीन अर्धा. फिलामेंटचे बल्ब लावले तर रंग पिवळा पडतो, आधीच्या भागांशी जुळत नाही. एडिटला फ्लिकर काढायला रोजच्या २२ मिनिटांच्या भागात वेळ कुठून आणायचा?

विचार असा की फक्त हे बल्ब १ केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसवर (जो येणारी वीज सतत नव्याने बनवून देतो) टाकायचे. पण बरेच यूपीएस इनपुटच्या फ्रिक्वेन्सीमागे धावतात. आउटपुट ५० वर कायम ठेवता येतं असं कुठलं मॉडेल कुणी वापरलंय? यूपीएसच्या पंख्याचा आवाज बूमला (दांडीवरच्या माइकला) येऊ नये म्हणून केबल किती लांब ठेवली? आणि नाशकात इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरचा सायलेंट जनरेटर भाड्याने मिळतो का? मुंबईहून मागवायचा तर वाहतूकच अंगावर येते.