सगळं श्रेय ज्वालामुखीला नको

सँटोरिनी या ग्रीसच्या ज्वालामुखी बेटावरच्या पांढऱ्या वाइनचा खारटपणा थेट लाव्ह्यातून येतो, असं बरेचदा म्हटलं जातं. इतकं सरळ नाहीये ते. वेली दगड चाखून चव वर पाठवत नाहीत. तिथल्या राखेच्या, प्युमिसच्या (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) मातीत पोटॅशियम फार कमी, त्यामुळे रसातली आम्लता टिकते. त्यात असिर्टिको हे स्थानिक द्राक्ष असं की कडक उन्हात पूर्ण पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही. आपल्या जिभेला जे खारट लागतं, त्यात या आम्लतेचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

मातीचा खरा उपकार वेगळाच आहे. तिच्यात चिकणमाती जवळपास नाही, म्हणून फायलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड तिथे टिकलीच नाही. वेली आजही कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. (आपली काळी माती पण बेसॉल्टचीच, पण चिकणमातीने गच्च. आणि नाशिककडे द्राक्षं सर्रास डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम केलेली.)

उभ्या म्हणायचं एवढंच. पारंपरिक मळ्यांत मांडव, तारा काही नाही. दरवर्षी छाटणीनंतर फांद्या गोल गोल गुंफून जमिनीलगत टोपली करतात, घड आत लपतात. बाहेर मेल्टेमी वारा वाळू मारत असतो. पाऊस बेताचाच, रात्रीचं धुकं प्युमिस शोषून घेतं. खोड थकलं की कापतात, जुन्या मुळातून नवं फुटतं.

घेणार असाल तर लेबलावर पीडीओ (मूळ प्रदेशाचं संरक्षित नाव) सँटोरिनी बघा. त्यात किमान ७५ टक्के असिर्टिको असावंच लागतं, बाकी अथिरी आणि ऐदानी ही तिथलीच द्राक्षं. विन्सांतो ही तिथलीच दुसरी वाइन मात्र उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, गोड. तळलेल्या मासळीबरोबर ती उघडू नका.