जुनं ग्राफिक्स, नवा डेस्कटॉप: तुमचे अनुभव टाका

मंडळी, जुन्या मशीनवर लिनक्सचे नवे डेस्कटॉप चालवताना काय काय झालं ते लिहा. "नवीन घेऊन टाक" हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो.

सुरुवात मीच करतो. ॲटमचा नेटबुक, ग्राफिक्स जीएमए ३६००, नाव इंटेलचं पण आत पॉवरव्हीआरची चिप, त्यामुळे लिनक्सवर थ्रीडीच्या नावाने बोंब. नोम हा डेस्कटॉप टाकला तर ॲक्टिव्हिटीज (उघड्या खिडक्या एकत्र दाखवणारं बटण) दाबल्यावर खिडक्या इतक्या सावकाश आक्रसायच्या की मधे पाणी पिऊन यावं. जीएलएक्सइन्फो (ग्राफिक्स कोण काढतंय ते सांगणारी कमांड) मारून बघितलं तर रेंडररपुढे एलएलव्हीएमपाइप, म्हणजे सगळं चित्र बिचारा प्रोसेसरच रंगवतोय. पूर्वी नोमला थ्रीडीशिवाय चालणारा फॉलबॅक मोड होता, २०१३ च्या ३.८ मधे तोही काढला. आता एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, कंपोझिटर (सावल्या, पारदर्शकता असले इफेक्ट देणारा भाग) बंद. मस्त चाललंय.

~

माझं एनव्हिडियाचं जीफोर्स २१०. कार्ड ठणठणीत आहे हो, ड्रायव्हर वारला! एनव्हिडियाच्या ३४० सिरीज ड्रायव्हरचा सपोर्ट २०१९ संपताना संपला, त्यानंतर कर्नल अपडेट झाला की काळी स्क्रीन, मग कंट्रोल-आल्ट-एफ३ मारून काढा तो ड्रायव्हर. शेवटी नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर आलो, पण त्यात कार्ड बूटच्या वेळच्या कमी क्लॉकवरच (वेगावरच) बसून राहतं. या पिढीत पीस्टेट या फाइलमधे लिहून क्लॉक हाताने वाढवता येतो, मी रूट (ॲडमिन) होऊन वाढवतो आणि प्लाझ्मा डेस्कटॉप बऱ्यापैकी पळतो. ब्लर इफेक्ट मात्र बंदच.

~

आमच्याकडे उलटं. रेडिऑन एक्स१३००, एएमडी कंपनीने २००९ मधेच आपल्या ड्रायव्हरमधून बाहेर काढलं, पण मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पातला आर३०० ड्रायव्हर अजून जिवंत आहे! माते डेस्कटॉप, दोन टर्मिनल, एक ब्राउझर, तक्रार नाही. ब्राउझरमधे व्हिडिओ लावला की प्रोसेसर तापतो, ते चालायचंच.

~

डेस्कटॉप हलका घेऊन भागत नाही, ॲपही बघा. जीटीके (ॲपच्या खिडक्या, बटणं काढणारी लायब्ररी) ४.१४ पासून (२०२४) नवा रेंडरर आला आणि माझ्या कोअर टू ड्युओवर साधा टेक्स्ट एडिटर अडखळायला लागला. जीएसके_रेंडरर हा व्हेरिएबल (सगळं कॅपिटल) कैरो, म्हणजे प्रोसेसरवर चित्र काढणारा रेंडरर, केला, सुटला प्रश्न.

~

२१० वाले भाऊ, ३४० सोडायची गरज नव्हती, आर्च लिनक्सच्या एयूआरमधे (वापरकर्त्यांनी टाकलेल्या पॅकेजांच्या भांडारात) नव्या कर्नलसाठी पॅच केलेला मिळतो. तुमचा डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठला?