मदत हवी आहे : आजारपणावरचे पहिले पुस्तक मध्येच अडले आहे

अर्धवट_वही
आजारपणाच्या काळात मी नियमित रोजनिशी लिहीत असे आणि आता तिच्या आधारे माझे पहिले पुस्तक लिहायला घेतले आहे. निदानापर्यंतची प्रकरणे झरझर लिहून झाली, परंतु उपचार सुरू होतात तिथून पुढे जे लिहिते ते मागच्या प्रकरणाची नक्कल वाटते. प्रकरणे तारखेनुसार लावावीत की विषयानुसार, एवढाच माझा प्रश्न आहे. हस्तलिखित लवकरच एका संपादिकेला दाखवायचे कबूल केले आहे, त्यामुळे कृपया नेमके उत्तर द्यावे. ‘आधी भरपूर वाचा’ हा सल्ला मला मिळून गेला आहे.

तळटीप
आजार कोणता, तो बरा झाला आहे का, आणि पुस्तक कोणी वाचावे अशी आपली अपेक्षा आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देणे अवघड आहे. शस्त्रक्रिया होऊन माणूस बरा झाला असेल तर तारखांचा क्रम पुरतो; प्रत्येक आजाराला तो पुरत नाही.

पुठ्ठाबांधणी
माझ्या मते आपण आधी प्रकाशनाचे निश्चित करावे. छापील आणि ई-पुस्तक अशा दोन्ही आवृत्त्या काढायच्या असतील तर दोहोंना स्वतंत्र आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) लागतो, आणि २००७ पासून तो तेरा अंकी झाला आहे. मुखपृष्ठाचाही विचार आताच केलेला बरा, कारण नंतर घाई होते.

अर्धवट_वही
मी मुखपृष्ठाबद्दल विचारलेले नाही. आजार ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे. बरा होण्याचा प्रश्न येत नाही, औषधे चालूच आहेत.

तळटीप
मग आपली अडचण याच वाक्यात आहे, आणि ते मूळ प्रश्नात असायला हवे होते. सांधे सुजले, औषध बदलले, उतार पडला, पुन्हा सुजले, असे आवर्तन ज्या आजारात चालते तो तारखेनुसार मांडला की प्रकरणे एकसारखी होणारच. प्रत्येक उठावाला, म्हणजे आजार बळावण्याच्या प्रत्येक फेरीला, प्रकरण देऊ नये. एकच उठाव निवडावा आणि तो सविस्तर लिहावा: सकाळी तासाहून अधिक काळ न सुटणारी ताठरता, न लागणारे बटण, न फिरणारा नळ. बाकीचे उठाव एकेका वाक्यात उरकले तरी वाचकाला त्यांचे वजन कळेल.

ग्रंथकीट
समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली आजारपणाच्या कथनांचे तीन प्रकार मांडले: पूर्ववत होण्याची कथा (आजारी पडलो, उपचार झाले, बरा झालो), गोंधळाची कथा (ज्यात क्रम आणि शेवट दिसत नाही) आणि शोधाची कथा (आजार स्वीकारून त्यातून काही गवसते). ते स्वतः हृदयविकार आणि कर्करोग या दोन्हींतून गेलेले होते. आपण बहुधा पहिल्या प्रकारच्या साच्यात तिसऱ्या प्रकारचा ऐवज भरत आहात.

तळटीप
वर्गीकरण अभ्यासकाच्या कामाचे आहे. लिहिणाऱ्याने आधीच प्रकार ठरवला तर अनुभव त्या प्रकाराच्या मापाने कापला जातो.

ग्रंथकीट
साचा नाकारण्यासाठीसुद्धा तो आधी ओळखावा लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

अनुभवी_रुग्ण
मी अशा पुस्तकांत नेहमी औषधांची नावे, मात्रा आणि रक्ततपासणीचे आकडे शोधतो आणि ते न मिळाल्याने चिडतो. आपण शेवटी सर्व अहवालांचा तक्ता द्यावा, म्हणजे इतर रुग्णांना उपयोग होईल.

औषधपेटी
या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. मी औषधनिर्माता आहे. या आजारात मेथोट्रेक्सेट हे औषध सामान्यतः आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि चुकून ते रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे आहेत. एका रुग्णाची मात्रा दुसऱ्यासाठी नसते, आणि छापील तक्ता तर वाचकाला आज्ञेसारखा वाटतो.

अनुभवी_रुग्ण
मग ‘आठवड्यातून एकदाच’ हे ठळकपणे लिहिणे हाच त्यावरचा उपाय आहे. लपवल्याने चूक टळत नाही.

औषधपेटी
तो दिवस पाळण्याची धडपड प्रसंगातून जरूर यावी. मी फक्त तक्त्याविषयी बोलत आहे.

बोलकी_लेखणी
बोटे दुखत असतील तर फोनवर बोलून मजकूर उतरवून घ्यावा. मी सर्व लेखन असेच करतो आणि माझा वेग दुप्पट झाला आहे.

अर्धवट_वही
पुढची प्रकरणे मी बोलूनच लिहिली आहेत, वेगाचा प्रश्न नाही. उठावाच्या दिवसांत पेन धरता येत नसे, त्यामुळे रोजनिशीची ती पाने कोरी आहेत आणि तो भाग आठवणीतून सांगावा लागतो, हे उघडच आहे.

तळटीप
आपल्याला उघड असेल, आम्हाला नव्हते! आपली रोजनिशी केवळ बऱ्या दिवसांची नोंद ठेवते, आणि पुस्तकाला ज्या दिवसांची गरज आहे ते तिच्यात नाहीत. मग विषयानुसार लावले तरी तेच बरे दिवस पुन्हा समोर येतील. जुनी औषधचिठ्ठी, रजेचे अर्ज, त्या काळात जवळच्यांना पाठवलेले त्रोटक संदेश, असे जे सापडेल ते आधी तारखांसमोर मांडावे. त्या दिवसांत घरात जे होते त्यांनाही विचारावे. त्यांना आठवणारा दिवस आपल्या आठवणीपेक्षा वेगळा निघाला तर दोन्ही लिहावेत.

ग्रंथकीट
कोरी पाने कोरीच ठेवावीत, असे मला वाटते. ‘या काळात नोंद नाही’ एवढे वाक्य पुरेसे प्रामाणिक आहे.

तळटीप
एकदा पुरेल. दुसऱ्यांदा तेच वाक्य आले की वाचकाला टाळाटाळ वाटेल.

अर्धवट_वही
संदेश अजून फोनमध्ये आहेत. बहुतेक एकेका शब्दाचे आहेत. त्यांतले बरेचसे माझ्या बहिणीला पाठवलेले आहेत, आणि तिची उत्तरे पुस्तकात घ्यायची तर तिची परवानगी आधी घ्यावी की प्रकरण लिहून झाल्यावर?

औषधपेटी
लिहून झाल्यावर, पण संपादिकेला दाखवण्यापूर्वी. बहिणीला नुसती कल्पना न देता प्रत्यक्ष पाने वाचायला द्यावीत.