आतिश कपाडियांच्या मालिकांमधला तुमच्या घरात शिरलेला प्रसंग कोणता?

परवा सोफ्याचं कापड निवडत होतो. मी एक नमुना उचलला आणि शेजारी बसलेल्या लेकीने मान वरही न करता निकाल दिला, "आई, फार मिडल क्लास." तिचा जन्म २०११ चा. 'साराभाई वर्सेस साराभाई' २००६ मध्येच संपली होती. म्हणजे मायाने सून मोनिशाला ऐकवायचं हे वाक्य तिला वारशातच मिळालेलं.

त्यावरून हा धागा. लेखक आतिश कपाडियांची 'खिचडी' ही विनोदी हिंदी मालिका २००२ मध्ये आली आणि 'साराभाई' २००४ मध्ये. एका घरात कुणालाच काही कळत नाही, दुसऱ्या घरात सासूला, म्हणजे मायाला, जरा जास्तच कळतं. वर हंसा झालेल्या सुप्रिया पाठक आणि माया झालेल्या रत्ना पाठक शाह या सख्ख्या बहिणी! तुमचा लाडका प्रसंग सांगा, पण नुसते संवाद उतरवू नका. तो तुमच्या घरात कसा शिरला ते लिहा. भागाचा क्रमांक वगैरे नको.

* * *

आमच्याकडे 'खिचडी'तली हंसा. तिने "प्रफुल, अमुक मतलब?" विचारायचं आणि नवऱ्याने, प्रफुलने, त्या इंग्रजी शब्दाचे तुकडे करून भलताच अर्थ सांगायचा. मी सातवीत, भाऊ चौथीत. रात्री गादीवर पडलं की हाच खेळ. एकदा त्याने विचारलं, "होमवर्क म्हणजे?" मी म्हटलं, "होम म्हणजे होमहवन. वर्क म्हणजे काजूकतलीवरचा वर्ख. होमात टाकलेली काजूकतली म्हणजे होमवर्क." तो एकदम समाधानाने "अच्छाऽऽ" म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

खरी मजा त्या "अच्छा"त आहे. उत्तर कितीही बावळट असो, हंसाला ते पटतं. ती हसली असती तर सगळा मामला तिथेच बसला असता.

दुसऱ्या दिवशी वही विसरली म्हणून भावाने बाईंना "काजूकतली घरी राहिली" असं सांगितलं. डायरीत शेरा आला. सही आईनेच केली, पण अर्थ कोणी सांगितला हे विचारून झाल्यावर.

* * *

मी काही वर्षं डेली सोपसाठी संवाद लिहिले. कोणती मालिका ते विचारू नका, नाव घेण्यासारखं काही नाही. पण 'एका हाताचं लिखाण' म्हणजे काय हे मला तिथे कळलं. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर चॅनेलचा फीडबॅक. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेले भाग, संपली की सकाळच्या शिफ्टला सीन व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा आणि नट मेकअपच्या खुर्चीत बसून पहिल्यांदा वाचायचा. एकदा वहिनीचं वाक्य नणंदेला दिलं, कारण वहिनीची तारीख नव्हती. कुणालाही फरक कळला नाही. मलाही कळला नसता, पण मीच लिहिलं होतं.

त्या दिवसांत रात्री घरी येऊन 'साराभाई' बघायचो. आठवड्याला एक भाग, सगळे मिळून ७० च्या आसपास. एक खेळ लावला होता. संवाद कागदावर उतरवायचे आणि पात्राचं नाव बोटाने झाकायचं. मायाचं वाक्य मोनिशाला देऊन बघा. जात नाही. दोघी एकाच चमच्याबद्दल बोलत असल्या तरी जात नाही. मूळच्या 'मनीषा'ची 'मोनिशा' करणारी सासू आहे ती, तिची नजर वस्तूच्या आधी तिच्या नावावर जाते. मोनिशाची नजर त्या वस्तूबरोबर फुकट काय मिळालं यावर.

एवढी पक्की माणसं हाताशी असली की विनोद शोधत बसावं लागत नाही. दोघींना एका खोलीत सोडायचं आणि मध्ये मोनिशाच्या नवऱ्याला, साहिलला, उभं करायचं. (साहिल झालेल्या सुमीत राघवनला त्यात नुसतं बघण्याची जी कामं आहेत, ती मला संवादांपेक्षा जास्त आवडतात.)

* * *

आमच्या घरात उलटं आहे. मी सून, आणि माया मीच. सासूबाई दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवतात. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही दोघी 'साराभाई'चे जुने भाग बघायला लागलो, रोज जेवणानंतर एक. मायाने मोनिशाला काही सुनावलं की मी हसायचे आणि मोनिशाने उत्तर दिलं की त्या. पहिला आठवडा दोघींनाही वाटत होतं की समोरचीला टोमणा बसतोय.

मग एकदा मी पिशवी कचऱ्यात टाकली. त्यांनी ती काढली, झटकली आणि शक्य तितक्या मायाच्या आवाजात म्हणाल्या, "किती उधळी गं तू बेटा. अगदीच अप्पर क्लास." मला वाक्यच सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

* * *

'साराभाई'तला दुष्यंत. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या कोणत्याही माणसाला विचारा. कुणाकडे मिक्सर बंद पडला की आपला हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो आणि तोंडातून "त्याचं काय असतं ना..." निघतं. हा जावई उपकरण उघडून त्याच्या आतलं समजवायला लागला की बाकी साराभाई मंडळी पळायची वाट शोधतात. मी आधी मालिका बघून हसलो. मग माझ्या मेहुण्याकडे गीझर बघायला गेलो, थर्मोस्टॅट म्हणजे काय ते सांगत होतो, आणि मागे वळलो तर न्हाणीघरात मी एकटाच.

बाय द वे, दुष्यंत झालेले देवेन भोजानीच मालिकेचे दिग्दर्शक. म्हणून सगळं श्रेय एका लेखणीला द्यायला मी तयार नाही.

* * *

थोडा विरोधी सूर लावतो. २०१७ ला वेबवर 'साराभाई' परत आली तेव्हा लेखक तेच, नट बहुतेक तेच, तरी मला मायाच्या धाकट्या मुलाच्या, रोसेशच्या, कविता केविलवाण्या वाटल्या. माणूस तिशीत वाईट कविता करतो तेव्हा हसू येतं, पुढे काळजी वाटते. आणि 'खिचडी' सलग चार भाग बघून दाखवा. तिसऱ्यापासून प्रफुलचं उत्तर आपल्यालाच आधी सुचायला लागतं.

* * *

वरच्यांना: उत्तर आधी सुचणं हाच तर आनंद आहे! माझे बाबा रोसेशने कागद काढला की त्याचे वडील झालेल्या सतीश शाहांच्या आधी स्वतः कपाळावर हात मारायचे. भावाने नववीत "हे ट्यूबलाइट, तू का गं थरथरतेस" अशी कविता केली, तेव्हापासून त्याचं नाव रोसेश. आज दोन मुलांचा बाप आहे, बँकेत साहेब आहे. फोनमध्ये अजून रोसेशच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाह गेल्याची बातमी आली तेव्हा घरच्या ग्रुपवर त्याने फक्त "ट्यूबलाइट बंद" असं लिहिलं. त्या दिवशी त्याला कुणी चिडवलं नाही.

* * *

आजोबांना कमी ऐकू यायचं आणि मशीन लावायला ते तयार नव्हते. टीव्हीसमोर बसायचे, पण हसायचे फक्त 'साराभाई'तले कमी ऐकू येणारे मधुसूदन फूफा आले की. आम्हाला वाटायचं, "हें?" म्हणणारा आपल्यासारखाच कुणीतरी दिसतोय म्हणून आजोबांना बरं वाटत असेल. आजीने एकदा विचारलंच. ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्याशी सगळे ओरडून बोलतात. तेवढंच मला ऐकू येतं."

पुढच्या भागापासून आजी इतर पात्रांचे संवादही त्यांच्या कानात ओरडून सांगायला लागली. मग आम्हाला काही ऐकू येईना.