मदत हवी आहे: वस्तीवर नेट कुठलं घ्यावं? अर्जंट

रानातलं_घर:
नमस्कार. आम्ही सगळे वस्तीवर राहायला आलोय आणि इथं नेटची नुसती बोंब आहे. हॉटस्पॉटवर ऑफिसचं काम चाललंय, मीटिंगमध्ये आवाज तुटतो, व्हीपीएन घटकाघटकाला पडतं, मग परत ओटीपी, परत लॉगिन. ऑफिसनं सांगितलंय नेट सुधारा नाहीतर पुण्याला येऊन बसा, आणि वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं ते आत्ता जमणार नाही. कुठलं कनेक्शन घ्यावं सांगा, लवकर सांगा. सिम बदला म्हणू नका, करून झालंय.

तारवाला:
गाव? तालुका?

शेंगाचटणी:
मोबाईलमधलं ऑटोप्ले बंद करा, व्हॉट्सॅपचं ऑटो डाऊनलोड बंद करा, फोटोचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. माझा रोजचा दीड जीबी आता झोपेपर्यंत पुरतो.

रानातलं_घर:
डेटा संपत नाहीये हो, येतच नाहीये. सोलापूर जिल्हा, मोहोळ तालुका. गावाचं नाव टाकत नाही.

गड्ड्यावरचा:
गावाचं नाव सांगायला काय झालं बे, सरपंच वाचतोय काय हितं?

रानातलं_घर:
सरपंच नाही, भावकी वाचते. आणि बे काय, ताई म्हणा.

गड्ड्यावरचा:
बरं ताई. बे परत घेतो.

सीनाकाठ:
ताई, "येत नाही" म्हणजे नेमकं काय ते सांगा. फोनवरच्या काड्या मोजू नका, त्यानं काही कळत नाही. नेटवर्क मोजायचं एखादं अ‍ॅप टाका आणि त्यात आरएसआरपी नावाचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा. उणे ९० च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला आहे, उणे ११० च्या खाली गेला तर सिग्नल अगदीच कमजोर. पहाटे एकदा आणि रात्री नऊला एकदा स्पीड घ्या. गावात फायबर आलंय का, वस्ती गावापासून किती लांब, लाईट गावठाणची का शेतीची, आणि काम किती ते किती करता. एवढं कळल्याशिवाय कुणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजपंचे कारभार.

रानातलं_घर:
गच्चीवर उणे ९८, घरात ११३. पहाटे १८ एमबीपीएस, रात्री नऊला ०.६, आणि अपलोड मोजताना ते अ‍ॅपच गुडूप होतं. माझी शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. गावात फायबर आहे, वस्ती रस्त्यानं तीन किलोमीटर, सरळ धरली तर दोनच्या आत. लाईट शेतीच्या फीडरवर, थ्री फेज आठ तास, बाकी वेळ सिंगल फेजवर बल्ब लागतो, कधी तोपण नाही.

सीनाकाठ:
हे आधी सांगायला हवं होतं. पहाटे १८ आणि रात्री ०.६ म्हणजे सिग्नल मध्यम आहे पण टॉवरवर गर्दी आहे. एका टॉवरवर चार गावं आणि आठ वाजले की सगळे मोबाईल उघडून बसलेले, त्यात तुमची शिफ्ट नेमकी त्याच वेळेला. बाहेर लावायचा फोरजी राऊटर आणि मोठा अँटेना घेतला तर ९८ चं ८५ होईल, पण गर्दी आहे तेवढीच राहील. पैसे घालवू नका.

शेंगाचटणी:
ऑनलाईन बूस्टर मिळतो की, तीन हजारात. आमच्या साडूच्या दुकानात लावलाय, फुल काड्या.

निवृत्त_खातं:
तो साडूंना काढायला सांगा. परवाना नसलेला मोबाईल बूस्टर लावणं बेकायदा आहे, बाजारात उघड मिळतो म्हणून कायदेशीर होत नाही. असला एक डबा आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनला गोंगाट घालतो. आमच्या वेळी तक्रारी यायच्या, "चार दिवस झाले, कॉल लागत नाही", आणि शोधत गेलं की कुठल्यातरी लॉजच्या गच्चीवर हे सापडायचं.

तारवाला:
गावात फायबर आहे ना, मग विषय संपला. मी हेच काम करतो. कंपनीच्या मुख्य मशीनपासून, म्हणजे ओएलटीपासून, वीस किलोमीटरपर्यंत जीपॉन, म्हणजे घराघरात येतं ते फायबर, चालतं, तुमचं दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही, त्यात एक डीबीपण (सिग्नल मोजायचं माप) जात नाही. तोटा होतो तो स्प्लिटरमध्ये, म्हणजे एक फायबर अनेक घरांना वाटतात तिथं, एकाला आठचा स्प्लिटर लावला की दहा डीबी गेले समजा. घरातल्या डब्यावर उणे २२-२३ आलं तरी झकास, उणे २७ च्या पुढं गेलं की लाल दिवा मिचकवायला लागतो. घरापर्यंतची ड्रॉप केबल ओढून घ्या आणि मोकळ्या व्हा.

रानातलं_घर:
विचारलं होतं. केबलवाला म्हणतो तिकडं तुमचं एकच घर आहे, मधे खांब नाहीत, केबल आणि खांब दोन्ही तुमच्या खर्चानं. तुटली तर जोडायला येईन म्हणाला, पण कधी ते सांगणार नाही.

सीनाकाठ:
निदान खरं तरी बोलला. तारवाले दादा, तुम्ही शहरात ओढता का रानात? आमच्याकडं करमाळ्याला अशीच केबल लिंबाच्या झाडाला बांधून आणली होती. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, एकीच्या मागं दुसरी, वर चार फूट जास्तीचा ऊस भरलेला, केबल लोंबकळली की घेऊन जातात सोबत. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नसतो, टेप लावलेला असतो मोठ्यानं. खाली गाडली तर नळपाणी योजनेचा जेसीबी. मग दर वेळी तुटलेलं फायबर जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनवाल्याची वाट बघा.

तारवाला:
केबल नीट ताण देऊन वीस फुटावर बांधली तर ट्रॉली लागत नाही. लोक चारशे रुपये वाचवायला झाडाला बांधतात आणि नावं फायबरला ठेवतात.

सीनाकाठ:
रानात वीस फुटी खांब कुणाच्या बांधावर रोवणार तेवढं सांगा. मोहोळ तालुक्यात.

गड्ड्यावरचा:
बांधाचा विषय निघाला, आता हा धागा जानेवारीतल्या यात्रेपर्यंत चालतंय.

आकाशमार्गी:
तुम्ही सगळे जमिनीवर का भांडताय? उपग्रह. जगात कुठंही डिश ठेवा आणि नेट घ्या. स्टारलिंकला २०२५ ला आपल्याकडं लायसन मिळालंय.

निवृत्त_खातं:
लायसन मिळालं म्हणजे डबा दारात आला असं होत नाही हो. पण तुमचा मुद्दा अगदी टाकाऊ नाही. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असायचे, तिथून बोलणं जाऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतं, त्यावर मीटिंग म्हणजे छळ. हे नवे साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळं उशीर पुष्कळ कमी. पण ताईंना नोकरी आत्ता वाचवायची आहे.
ताई, ग्रामपंचायतीत भारतनेटचा डबा आहे का ते बघितलं का? २०११ ला नोफन म्हणून मंजूर झालेली योजना, २०१५ ला भारतनेट नाव पडलं, पंचायतीपर्यंत फायबर न्यायचं असं ठरलं. आणि नेलंही बऱ्याच ठिकाणी, पण बऱ्याच पंचायतींत तो डबा कपाटात कुलूपबंद, वर सत्काराच्या शाली. २०२३ ला सुधारित योजना आली, १ लाख ३९ हजार कोटींची. पहिल्या फेरीत एकेरी लाईन टाकल्या होत्या, मधे एक तुटली की पुढची सगळी गावं बंद. आता रिंग करायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसरीकडून चालू राहील.

रानातलं_घर:
काका, डबा आहे. बंद आहे. ग्रामसेवक आठवड्यातून एकदा येतात. पंचायतीपासून वस्ती पण तेवढीच लांब, मग उपयोग काय?

मास्तर_माढा:
आमच्या तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड लावले, २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं. तेव्हा सगळे म्हणाले आता खेडी डिजिटल होणार. आज माझ्या शाळेत मुलं कोड स्कॅन करतात आणि ते गोल फिरत राहतं. ई-पीक पाहणी करायला शेतकरी रानात उभा राहून फोटो काढतो आणि अपलोड करायला गावातल्या पारावर येतो. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला विमान उडायला लागलं, पण वस्तीवरच्या पोराला व्हिडिओ दिसत नाही.

गड्ड्यावरचा:
मास्तर, विमानातपण रेंज नसते.

सीनाकाठ:
मुद्द्यावर या. ताई, केबल, उपग्रह, बूस्टर सगळं सोडा. गावातल्या कुठल्यातरी घरी स्वतःच्या नावानं फायबर कनेक्शन घ्या, त्याच गच्चीवर एक ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ, म्हणजे हवेतून नेट पाठवणारा डबा, बसवा आणि समोरासमोर दुसरा वस्तीवर. पॉइंट टू पॉइंट. लायसन लागत नाही, हा बँड २०१८ ला मोकळा केलाय, फक्त रेडिओ ईटीए, म्हणजे सरकारी उपकरण मंजुरीवाला घ्यायचा. माझी जोडी दहा-बारा हजाराच्या आत बसली, द्राक्षबागेतल्या कॅमेऱ्यांसाठी घेतली होती, आता पोरगी त्यावरच क्लास करते. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन आहे, पन्नास मिळतं. शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटायला मात्र जाऊ नका, मग लायसनचा विषय येतो. वाटायचंच असेल तर पीएम-वाणीतून, डिसेंबर २०२० पासूनची सार्वजनिक वायफायची योजना, त्यात पीडीओला, म्हणजे वायफाय वाटणाऱ्या दुकानदाराला, लायसन लागत नाही.
आता सांगा, वस्तीवर उभं राहिलं की गावातलं कुठलं घर दिसतं?

रानातलं_घर:
सरळ एकच दिसतं. दोन मजली आहे, त्यांच्याकडं फायबर पण आहे.

सीनाकाठ:
मग झालंच की. कुणाचं?

रानातलं_घर:
चुलत्यांचं. आमचं बोलणं नाही.

गड्ड्यावरचा:
आता कळलं गावाचं नाव का नाही टाकलं.

शेंगाचटणी:
बांधाचं असेल तर सरकारी मोजणी मागवा, भूमी अभिलेखकडं अर्ज करून. आमची केली, तीन फूट निघालं.

रानातलं_घर:
मोजणी विचारलीच नाही हो मी. नेट विचारलंय.

निवृत्त_खातं:
पाण्याच्या टाकीचा विचार केलात का? गावातली सगळ्यात उंच जागा. पंचायतीचा ठराव लागेल, आणि ठरावाला भावकीतलं कुणी आडवं आलं तर अडकेल, पण विचारून बघा.

तारवाला:
टाकीवर रेडिओ लावून त्याला लाईट कुठून देणार? शिवाय उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या पेटीत राऊटर भाजून निघेल. मी अजून सांगतो, केबल ओढा.

रानातलं_घर:
टाकीवर लाईट नाही. पण गिरणी आहे एक, टाकीच्या बाजूला, गच्ची आहे, गावठाणची लाईट आहे. गच्चीवर जाऊन फोटो काढला, आमच्या घराचा पत्रा दिसतो. गिरणीवाले काका तयार आहेत, त्यांच्या पोराला वायफायचा पासवर्ड दिला की झालं म्हणतात. एअरफायबरपण, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं नेट, विचारून ठेवलं, तिथं पत्ता टाकला की "लवकरच येत आहे" एवढंच दाखवतं.

सीनाकाठ:
गिरणी चालेल, फक्त राऊटर पिठापासून लांब, माडीवर बंद पेटीत ठेवा. एअरफायबरसाठी जवळ फाईव्हजी टॉवर पाहिजे, ३,३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा फाईव्हजी सिग्नल लांब जात नाही, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.
फोटो बघितला. मधे मोकळं रान दिसतंय. ऊस तुटलाय का नुकता?

रानातलं_घर:
हो, फेब्रुवारीत गेला. खोडवा ठेवलाय.

सीनाकाठ:
मग नीट वाचा, यातच लोक फसतात. आत्ता नजरेला दिसतंय म्हणून रेडिओ चालेल आणि दिवाळीला ऊस दहा-बारा फुटांचा झाला की स्पीड पडेल. रेडिओची लाट दोरीसारखी सरळ जात नाही, मधोमध ती फुगते. दोन किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मधला फुगवटा पाच मीटर त्रिज्येचा, त्यातला निदान साठ टक्के मोकळा पाहिजे, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या वर आणखी तीन मीटर. हिशोब केला तर जमिनीपासून बावीस फुटांवरून लाईन गेली पाहिजे. गिरणीची गच्ची आहेच, तुमच्याकडं पत्र्याच्या वर दोन इंची जीआय पाईप पंधरा फुटांचा, तीन बाजूंनी ताणाच्या तारा. वेल्डिंगवाल्याला सांगा तळाला प्लेट मारायला.
दुसरं, वळीव. माझा पहिला रेडिओ मे महिन्यात गेला. वीज झाडावर पडली, आमच्यावर नाही, तरी केबलमधून आली. रेडिओ गेला, स्विच गेला, स्विचच्या पोर्टपाशी नखाएवढा काळा डाग. पाईपला स्वतंत्र अर्थिंग करा, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून, आणि ढग दाटले की अडॅप्टर काढून ठेवा.
लाईटसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो राऊटरचा, रेडिओ २४ व्होल्टचा असेल तर त्याला वेगळा बघावा लागेल. इन्व्हर्टर असेल तर उत्तमच.

रानातलं_घर:
इन्व्हर्टर आहे. वेल्डिंगवाला उद्या येतो म्हणालाय. गिरणीवरचं कनेक्शन माझ्या नावानं घेते. ऑफिसला पंधरा दिवस मागितलेत, बघू. एक राहिलं, दोन्ही रेडिओ एकमेकांकडं नेमके वळवायचे कसे? गिरणीवर कोण उभं राहणार, वडिलांना जिना चढता येत नाही.

सीनाकाठ:
गिरणीवाल्या काकांच्या पोराला गच्चीवर चढवा, तुम्ही वस्तीवर, फोन चालू ठेवा. रेडिओच्या सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा हलताना दिसतो. एकानं हळूहळू डावी-उजवीकडं फिरवायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सगळ्यात चांगला आकडा आला की नट आवळायचे, मग दुसऱ्या बाजूनं तेच. उणे ६० च्या आसपास आलं की बास, त्याच्या मागं लागू नका.

आकाशमार्गी:
डिश घेतली असती तर हे सगळं वाचलं असतं.

तारवाला:
ताई, दिवाळीत ऊस डोक्यावर गेला की परत याल, तेव्हा केबलचा रेट सांगतो.