मदत हवी आहे: सिझेरियननंतर गर्भाशयावरचा व्रण भरला आहे की नाही, हे नेमके कसे कळते?

अबोली

नमस्कार. गेले दोन दिवस मी याच विषयावर वाचते आहे आणि जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून हा धागा काढला. सोनोग्राफीच्या अहवालात असे लिहिले आहे: 'सिझेरियनच्या व्रणाच्या जागी नीश, खोली ४.१ मिमी, उरलेल्या स्नायूची जाडी २.६ मिमी.' (नीश म्हणजे खाच, एवढे शोधून कळले.) डॉक्टरांनी अहवाल वाचला, 'घाबरण्यासारखे काही नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू' असे म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. पोटावरचा व्रण उत्तम भरला आहे. पांढरी बारीक रेघ तेवढी उरली आहे, खाज नाही, ठणका नाही. मग आतला का भरला नाही? की भरला आहे? मला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे आहे. 'डॉक्टरांना विचारा' असे कृपया कोणी लिहू नये, ते करून झाले आहे. गुरुवारच्या आत उत्तर मिळाले तर बरे होईल.

मोरपंखी

अबोली, हो किंवा नाही म्हणण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. सिझेरियन होऊन किती महिने झाले? एकच झाले की अधिक? सोनोग्राफी पोटावरून केली की आतून, आणि पाळीच्या कितव्या दिवशी? मुळात ती करायला का सांगितली? काहीही तक्रार नसताना व्रणाची जाडी मोजायला सहसा कोणी पाठवत नाही.

घरटे

अजिबात घाबरू नका. माझ्या दुसऱ्या खेपेला नवव्या महिन्यात व्रणाची जाडी ३ मिमी भरली होती. सगळ्यांनी पुन्हा सिझेरियनच करा म्हणून सांगितले, मी ठाम राहिले आणि नॉर्मल बाळंतपण झाले. पहिले सिझेरियन झालेल्या ज्या स्त्रिया दुसऱ्या वेळी कळा येऊ देतात, त्यांच्यापैकी १०० मध्ये ६० ते ८० जणींचे नॉर्मल होते. व्रण फाटण्याचा धोका साधारण २०० जणींत एकीला असतो. तुम्हीही आतापासूनच तसा आग्रह धरा.

अबोली

घरटे, मी बाळंतपणाबद्दल काहीच विचारलेले नाही. मोरपंखी, एकच सिझेरियन झाले आहे, १४ महिन्यांपूर्वी. सोनोग्राफी आतून केली. बाकीच्या गोष्टींचा या प्रश्नाशी काय संबंध आहे, हे मला समजले नाही.

जुना_वाचक

संबंध आहे, पण त्याआधी आतला व्रण बाहेरच्यासारखा का वागत नाही हे सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे असे मला वाटते. त्वचेवरचा छेद शिवल्यानंतर त्याच्या दोन्ही कडा सारख्याच जाडीच्या असतात आणि त्या जागच्या जागी राहतात. गर्भाशयाचे तसे नसते. बाळंतपणानंतर लगेच त्याचे वजन सुमारे १ किलो असते आणि सहा आठवड्यांत ते १०० ग्रॅमच्या खाली येते. म्हणजे ज्या भिंतीवर टाके घातले, ती भिंतच टाके घातल्या क्षणापासून आकसू लागते. त्यातच छेद जिथे घेतात त्या खालच्या भागात वरची कड जाड आणि खालची कड ताणून पातळ झालेली असते. एखाद्या जाड सतरंजीला झिरझिरीत पडदा जोडावा, तसे ते काम असते. टाक्यांचा विरघळणारा धागा दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो, त्यामुळे १४ महिन्यांनी जे काही धरून ठेवत आहे ते तुमच्याच शरीराने तयार केलेले ऊतक आहे.

ते ऊतक कोणते, यावर जुना वाद आहे. गर्भाशयाचा स्नायू पुन्हा नव्याने उगवतो आणि व्रण मागे उरतच नाही, असे अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ व्हिट्रिज विल्यम्स यांनी १९२१ मध्ये मांडले होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मुख्यतः तंतुमय ऊतक, म्हणजे कोलॅजन, आणि मधून मधून स्नायूचे पट्टे असेच चित्र दिसत गेले. कोलॅजन स्नायूसारखे ताणले जात नाही. (अवांतर: १८८२ मध्ये माक्स झेंगर या जर्मन वैद्याने आग्रहाने मांडेपर्यंत गर्भाशयाला टाके घालण्याची पद्धतच रुळलेली नव्हती, छेद तसाच ठेवून पोट बंद करत, आणि बहुतेक स्त्रिया रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावत.)

कस्तुरी

व्रणासाठी मी सिलिकॉनच्या जेलची पट्टी रोज बारा तास, असे तीन महिने लावली. रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली. जरूर करून पाहा.

अबोली

कस्तुरी, मी बाहेरच्या व्रणाबद्दल विचारलेले नाही. जुना_वाचक, आपण छान लिहिले आहे, पण शेवटी भरला की नाही?

दवबिंदू

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिझेरियनच्या वेळी हे व्रण डोळ्यांनी पाहते, म्हणून लिहिते. पोट उघडल्यावर कधी जुना व्रण शोधावा लागतो, इतका तो आजूबाजूच्या स्नायूत मिसळून गेलेला असतो. कधी मात्र तिथे स्नायू जवळजवळ उरलेलाच नसतो. ओल्या पातळ कागदासारखा पडदा असतो आणि त्यातून बाळाचे काळे जावळ पाण्यात हलताना स्पष्ट दिसते. त्याला आमच्याकडे 'खिडकी' म्हणतात. अशी खिडकी असलेल्या कित्येक स्त्रियांना नऊ महिने काहीही त्रास झालेला नसतो, आणि बाहेरची रेघ दोघींचीही सारखीच सुरेख असते. त्यामुळे बाहेरून आतले काही ओळखता येत नाही, हे पहिले.

दुसरे असे की 'भरला नाही' म्हणजे भोक राहिले आहे, असे समजू नका. नीश म्हणजे व्रणाच्या जागी गर्भाशयाच्या आतल्या बाजूने पडलेली खाच. ती किमान २ मिमी खोल असेल तरच तिला नीश म्हणावे, असे २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ठरवले. गर्भाशयात सलाइन सोडून सोनोग्राफी केली तर सिझेरियन झालेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत अशी खाच दिसते. तुमचा व्रण बंद झाला आहे, पण पूर्ण जाडीने बंद झालेला नाही. हो आणि नाही यांच्या मधले हे उत्तर आवडणार नाही, पण खरे हेच आहे.

साशंक

घरटे यांचा प्रतिसाद दिशाभूल करणारा आहे, म्हणून लिहावे लागत आहे. त्यांची ३ मिमी ही गरोदरपणात, नवव्या महिन्यात ताणलेल्या भिंतीची जाडी होती. अबोली यांची २.६ मिमी ही गर्भ नसताना, आकसलेल्या गर्भाशयातली आहे. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये असले तरी ही दोन वेगळी मोजमापे आहेत. नवव्या महिन्यातल्या जाडीसाठी १९९६ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासकांनी ३.५ मिमीची मर्यादा सुचवली होती. नंतर इतरांनी वेगवेगळे आकडे मांडले आणि सर्वमान्य असा आकडा आजही नाही. आणि २०० मध्ये एक हा धोका खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा आहे. वरच्या जाड भागात उभा छेद घेतलेला असेल तर तो कितीतरी पटींनी जास्त असतो, तिथे कळा येऊच देत नाहीत. छेद कोणता होता हे न विचारता 'आग्रह धरा' असे सांगणे बेजबाबदारपणाचे आहे.

घरटे

मी माझा अनुभव सांगितला, उपचार सुचवला नाही. खरा दोष टाक्यांचा असतो. हल्ली वेळ वाचवण्यासाठी एकाच थरात शिवतात. दोन थरांत शिवले असते तर ही खाच पडलीच नसती.

दवबिंदू

घरटेताई, हे मीही बरीच वर्षे मानत होते. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर यासाठीच चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका थरात आणि दोन थरांत शिवलेल्या स्त्रियांमध्ये नऊ महिन्यांनंतर पाळी संपल्यावरच्या डागांचे दिवस जवळजवळ सारखेच निघाले. टाका कसा घातला याला महत्त्व आहेच, पण केवळ थर मोजून भागत नाही.

मोरपंखी

अबोली, सोनोग्राफी का केली, हे अजून कळलेले नाही.

अबोली

पाळी संपल्यावर सहा-सात दिवस तपकिरी डाग जात राहतात. बाळंतपणानंतर पाळी सुरू झाली तेव्हापासून असे होते आहे. मला ते पाळीचेच वाटले होते, म्हणून लिहिले नाही. शिवाय आम्हाला दुसरे मूल हवे आहे आणि या महिन्यापासून काळजी घेणे थांबवायचा विचार होता. म्हणून तर गुरुवारची घाई आहे, तेव्हा पुन्हा भेट ठरली आहे. छेदाबद्दल मला काहीच सांगितलेले नाही. कळा सोळा तास चालू होत्या, पिशवीचे तोंड पूर्ण उघडले होते आणि बाळ खाली सरकत नव्हते, म्हणून ऐन वेळी सिझेरियन केले. अहवालात 'गर्भाशय मागे झुकलेले' असेही आहे, पण ते सामान्य असते असे वाचले.

मोरपंखी

हे सगळे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिले असते तर आम्ही सिलिकॉनच्या पट्टीपर्यंत पोहोचलोच नसतो.

दवबिंदू

आता चित्र जुळते. तोंड पूर्ण उघडल्यावर खालचा भाग इतका वर ओढला गेलेला असतो की छेद नकळत गर्भाशयमुखाच्या ऊतकात जाऊ शकतो. तिथे चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात. त्या स्रावाने कडा नीट सांधत नाहीत, असे मानले जाते. गर्भाशय मागे झुकलेले असणे एरवी खरोखरच सामान्य आहे, पण अशा गर्भाशयात व्रणावर ताण येतो आणि खाच अधिक आढळते. पाळीचे थोडे रक्त त्या खाचेत साचते आणि पुढचे काही दिवस थेंबाथेंबाने बाहेर येते. रक्त जुने असल्यामुळे त्याचा रंग तपकिरी असतो. यात तुमच्या हातून काही चुकलेले नाही, लवकर उठल्यामुळे किंवा बाळाला उचलल्यामुळे हे झालेले नाही.

साशंक

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दोन वर्षे थांबलेच पाहिजे, हे स्पष्ट लिहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेचीच तशी शिफारस आहे. १४ महिने फार कमी आहेत.

जुना_वाचक

साशंक, इथे दोन वेगळी अंतरे एकत्र होत आहेत. संघटनेचे २४ महिने हे बाळंतपणापासून पुढच्या गर्भधारणेपर्यंतचे आहेत आणि ती आई-बाळाच्या एकूण आरोग्यासाठीची सर्वसाधारण शिफारस आहे, केवळ सिझेरियनसाठीची नाही. व्रण फाटण्याच्या अभ्यासांत १८ ते १९ महिन्यांचा जो उल्लेख येतो, तो एका बाळंतपणापासून दुसऱ्या बाळंतपणापर्यंतचा असतो. त्याहून कमी अंतरात कळा येऊ दिल्यास धोका वाढलेला दिसला. अबोली यांना आज गर्भ राहिला तरी ते अंतर २३ महिने होते. एमआरआयच्या अभ्यासातही सिझेरियननंतर गर्भाशयाच्या भिंतीचे थर मूळ स्थितीला यायला किमान सहा महिने लागतात असे दिसले आहे, तो काळही मागे पडला आहे. थांबायचे असेल तर जरूर थांबावे, पण चुकीच्या मोजपट्टीने नव्हे.

साशंक

मोजपट्टीची चूक मान्य आहे. सावधगिरीचा मुद्दा मात्र सोडत नाही, कारण खाच असलेल्या स्त्रीला फक्त व्रण फाटण्याचीच भीती नसते. गर्भ त्या खाचेतच रुजू शकतो. तसे क्वचित होते, पण वेळेत कळले नाही तर जिवावर बेतते. म्हणून गर्भ राहिल्यास सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी करून गर्भाची पिशवी कुठे आहे ते पाहिलेच पाहिजे. पुढे वार खाली, व्रणावर बसली आहे का, हेही पाहावे लागते. वार खाली असेल आणि आधीचे एक सिझेरियन असेल, तर ती भिंतीत घट्ट रुतण्याची शक्यता अमेरिकेतल्या २००६ च्या मोठ्या अभ्यासात ११ टक्के आली होती, दोन सिझेरियन असतील तर ४० टक्के.

अबोली

हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. मग ही खाच शस्त्रक्रियेने आधी बुजवून घ्यावी का?

दवबिंदू

साशंक यांनी आकडे बरोबर दिले आहेत, पण ते वार खाली असलेल्या स्त्रियांचे आहेत आणि बहुतेकींची वार वरच असते, हेही त्यांनी लिहायला हवे होते. शस्त्रक्रियेबद्दल सांगायचे तर डागांचा त्रास फार असेल तरच ती सहसा सुचवतात. उरलेला स्नायू ३ मिमीपेक्षा जाड असेल तर गर्भाशयाच्या आत दुर्बीण घालून खाचेची कड घासून सपाट करतात, म्हणजे रक्त साचत नाही. त्याहून पातळ असेल तर आतून घासताना भिंतीला भोक पडण्याचा आणि मूत्राशयाला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून पोटातून दुर्बिणीने तो भाग कापून पुन्हा शिवतात. तुमचे २.६ मिमी या दुसऱ्या गटात मोडते. मात्र तसे शिवल्याने पुढच्या बाळंतपणात व्रण फाटण्याचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेले नाही आणि नंतर पुन्हा काही महिने थांबावे लागते. गोळ्यांनी डाग कमी होतात, पण त्या बहुधा गर्भनिरोधक असतात, म्हणजे तुमच्या सध्याच्या विचाराच्या उलट.

गुरुवारी जाण्याआधी एक काम करा. डिस्चार्ज कार्डावर भागणार नाही. रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेची मूळ नोंद मागून घ्या. छेद कुठे होता, आडवा होता की उभा, बाळ काढताना तो फाटून वाढला का, हे फक्त त्या एका कागदावर असते.

अबोली

आज नोंद मिळाली. डिस्चार्ज कार्डावर नुसते 'एलएससीएस' (म्हणजे खालच्या भागातले सिझेरियन) लिहिले होते, नोंदीत अधिक आहे: 'खालच्या भागात आडवा छेद, बाळाचे डोके खोल अडकलेले, छेद डाव्या बाजूला खाली ३ सेंटिमीटर वाढला, वेगळे टाके घातले.' १४ महिन्यांत हे मला कोणीही सांगितले नव्हते. उद्या हा कागद घेऊन जाते आणि दोन प्रश्न विचारते: सलाइन सोडून पुन्हा सोनोग्राफी करावी का, आणि या वाढलेल्या छेदामुळे पुढच्या वेळी कळा येऊ द्यायच्या की नाही. मोरपंखी, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारले होते ते आता पाहिले. तपासणी पाळीच्या नवव्या दिवशी झाली आणि तेव्हा डाग चालू होते.

मोरपंखी

मग तेही सांगा. खाचेत रक्त साचलेले असताना ती अधिक ठळक दिसते. दुसरी तपासणी कोणत्या दिवशी करायची हे विचारून घ्या आणि शक्यतो त्याच व्यक्तीकडून मोजून घ्या. मोजणारा हात बदलला तरी मिलिमीटरचा काही भाग इकडचा तिकडे होतो.